४३ फूट १० इंच

कोल्हापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मार्गदर्शकांनी तुझ्या हाती सोपवलेला पूरप्रवाहाचा फोर्ट्रान भाषेतला प्रोग्राम नऊ हजार ओळींचा आहे, त्याला तीन माजी विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत आणि त्यांपैकी एकाचाही आता पत्ता नाही. अशा स्थितीत तो आहे तसा वापरून पुढचा शोधनिबंध उरकावा, की सहा महिने घालवून सगळा पायथन या संगणकभाषेत नव्याने लिहावा, असे तू विचारले आहेस. दोन्ही करू नकोस, असे माझे उत्तर आहे. त्याची कारणे सांगण्याआधी माझी एक फजिती सांगतो. वर्गात ती मी आजवर कधी सांगितलेली नाही.

पीएच.डी.च्या काळात मी पंचगंगेच्या पाणीपातळीवर काम करीत होतो. राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्याकडे फूट आणि इंचांत सांगतात. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे पावसाळ्यात कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. मी या नोंदी हाताने उतरवून घेतल्या आणि फाइलमध्ये टाकताना ४३ फूट ९ इंच हे ४३.९ असे लिहिले. पुढच्या नोंदीत पाणी एक इंच चढून ४३ फूट १० इंच झाले, तेव्हा ४३.१० लिहिले. प्रोग्रामने ते ४३.१ असे वाचले. नदी चढत होती आणि माझ्या आलेखात ती पाऊण फुटाहून अधिक उतरली होती. प्रत्येक फुटाच्या शेवटच्या दोन इंचांत असा खड्डा पडत होता. मोजणाऱ्याकडूनच काही गफलत होत असावी, असे मानून मी सरासरी काढली आणि ते खड्डे गुळगुळीत करून टाकले.

चूक दोन वर्षांनी सापडली, आणि तीही मला नाही. एका धाकट्या सहकाऱ्याने मूळ वही आणि फाइल शेजारी ठेवून विचारले, "सर, पाणी चढल्यावर आकडा कमी कसा होतो?" खरे तर खड्डे पडले म्हणून निदान ती जागा दिसली. ४३ फूट ६ इंच म्हणजे ४३.५ फूट, आणि मी ४३.६ लिहिले होते. म्हणजे पूर्ण फुटाच्या नोंदी सोडल्या तर बाकी साऱ्याच चुकल्या होत्या, फक्त त्या डोळ्यांत भरत नव्हत्या. सेंट-व्हेनांची नदीप्रवाहाची १८७१ सालची समीकरणे निर्दोष होती, माझी गणिती रीत निर्दोष होती, आणि तरीही प्रबंधातले आलेख मला नव्याने काढावे लागले. तोवर तो प्रोग्राम माझ्याखेरीज कोणी वाचलाच नव्हता, आणि तो कोणी वाचावा अशा रीतीने मी तो लिहिलाही नव्हता.

आता तुझ्या नऊ हजार ओळींकडे वळू. तो प्रोग्राम आज आहे तसा, चुकांसकट आणि कुरूप नावांसकट, गिटमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाक. त्यात एक अक्षरही सुधारण्याआधी हे कर, कारण मूळ काय होते हे दाखवता आले नाही तर पुढची प्रत्येक सुधारणा म्हणजे तुझा शब्द आणि त्या तिघांचा शब्द एवढेच उरते. त्यानंतर मार्गदर्शकांच्या जुन्या निबंधातले एखादे उदाहरण घेऊन तो चालव आणि येणारे आकडे बाजूला जपून ठेव. ते बरोबर आहेत की नाहीत, हा प्रश्न त्या दिवशी काढू नकोस. उद्या एखादी ओळ हलवल्यावर ते आकडे बदलले, तर ते का बदलले हे तुला सांगता आले पाहिजे, एवढ्यासाठीच ते ठेवायचे आहेत.

बरोबर की चूक हे ठरवायला वेगळ्या चाचण्या लागतात, आणि तुझ्या विषयात त्या सुदैवाने तयार आहेत. पहिलीला मी आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावरून रंकाळ्याची चाचणी म्हणतो. तळ उंचसखल आहे, वारा नाही, पाणी येत नाही आणि जात नाही; अशा तळ्यात पाणी स्थिर राहिले पाहिजे. ही चाचणी पोरकट वाटते, पण तळाचा उतार आणि पाण्याचा दाब यांचा मेळ जिथे नीट घातलेला नाही, तिथे प्रोग्राम अशा निवांत तळ्यातही प्रवाह निर्माण करतो. ती तू आजच करून बघ. दुसरी चाचणी धरणफुटीची: कोरड्या, सपाट तळावर अचानक मोकळे सुटलेले पाणी कसे पसरते, याचे हाताने सोडवता येणारे उत्तर रिटर यांनी १८९२ सालीच दिले आहे, तुझा आलेख त्यावर ठेवून पाहता येतो. तिसरी चाचणी हिशेबाची, कारण आत आलेले पाणी, बाहेर गेलेले पाणी आणि पात्रात साठलेले पाणी यांचा मेळ बसलाच पाहिजे. या तिन्ही चाचण्यांना मिळून तुझे दोन आठवडे जातील.

एककांचा बंदोबस्त दारातच करावा. राधानगरी धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असा, येतो, बंधाऱ्याची पातळी फूट-इंचांत येते आणि तुझी समीकरणे मीटर व सेकंदांत चालतात. एका घनमीटरचे ३५.३१ घनफूट होतात, हे रूपांतर प्रोग्राममध्ये एकाच जागी असावे, त्या जागेला नाव असावे आणि तिची स्वतंत्र चाचणी असावी. तुझ्या प्रोग्राममध्ये हा आकडा किती ठिकाणी लिहिला आहे ते मोजून मला कळव. मी सहा धरून चाललो आहे.

जुने आणि नवे आकडे ताडताना शेवटच्या अंकापर्यंत एकसारखेपणाचा आग्रह धरू नकोस. संगणकाला ०.१ हा आकडा नेमका साठवता येत नाही, आणि बेरजेचा क्रम बदलला की उत्तराचे शेवटचे अंकही बदलू शकतात. आठ प्रोसेसरांवर वाटून केलेली बेरीज एकावर केलेल्या बेरजेशी तंतोतंत जुळतेच असे नाही, आणि यात कोणाची चूक नसते. किती फरक चालेल हे आधी लिहून ठेवावे. आकडे पाहून मग मर्यादा ठरवणे म्हणजे मी खड्डे गुळगुळीत केले त्यातलाच प्रकार होय.

तुझ्या पत्रात फोर्ट्रानविषयी थोडी तुच्छता डोकावते, म्हणून सांगतो. ती भाषा १९५७ सालची आहे हे खरे. पण पायथनमध्ये तू एका ओळीत मॅट्रिक्स सोडवतेस, तेव्हा खाली काम करणारी लॅपॅक ही लायब्ररी (तयार प्रोग्रामांचा संग्रह) १९९२ साली फोर्ट्रानमध्येच लिहून प्रसिद्ध झाली, आणि आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही ती तितकीच विश्वासाने वापरली जाते. उलट पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्या भाषेत ७ भागिले २ याचे उत्तर ३ येई आणि पायथन ३ मध्ये ३.५ येते, जे प्रोग्राम अशा भागाकारावर उभे होते, त्यांतले काही बंद न पडता मुकाट्याने वेगळी उत्तरे देऊ लागले. भाषा नवी असली म्हणजे प्रोग्राम टिकतो असे नाही, आणि नव्याने लिहिण्याच्या भरात त्या तिघांनी सोडवून ठेवलेल्या, पण कुठेच न नोंदवलेल्या अडचणी तुला पुन्हा पहिल्यापासून भोगाव्या लागतील.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, बनवीत. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. किती मोठा, हे ते पॅटर्नच्याच पाठीवर रंगाने लिहीत आणि पॅटर्न फळीवर नंबर घालून ठेवीत. कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, गिऱ्हाईक घेऊन जाई, पॅटर्न कारखान्यात राही, आणि दहा वर्षांनी तीच ऑर्डर आली तर वडील हयात असोत वा नसोत, काम अडत नसे. तुझा निबंध हे कास्टिंग आहे आणि प्रोग्राम हा पॅटर्न. ज्या गृहीतांवर प्रोग्राम चालतो (मॅनिंगचा गुणांक, म्हणजे पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा, कोणत्या पात्रासाठी किती घेतला, कोणता पूर धरून तो बसवला), ती प्रोग्रामच्याच पाठीवर, म्हणजे त्याच्यासोबत ठेवायच्या माहितीच्या रीडमी फाइलमध्ये लिहिलेली असावीत.

राहिला तुझा खरा प्रश्न, जो तू पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत उरकला आहेस: या कामाची नोंद कोण घेणार, आणि यावर पोट कसे भरणार? गोड बोलून तुझी समजूत घालणार नाही. आपल्याकडे निवडीच्या मुलाखतीत शोधनिबंध मोजतात. चाचण्या मोजणारी समिती मला अजून भेटलेली नाही. पायथनमध्ये आकडेमोडीसाठी वापरतात त्या नमपाय लायब्ररीची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ साली आली आणि तिच्यावरचा लेख 'नेचर'मध्ये छापून यायला २०२० साल उजाडले. मधल्या काळात जगभरातल्या प्रयोगशाळा ती वापरीतच होत्या. ब्रिटनमध्ये २०१० साली याच कामासाठी सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' हे पदाचे नाव २०१२ पासून तिथे रूढ झाले. आपल्याकडे त्या नावाची जागा शोधत बसशील तर निराश होशील. काम मात्र आहे. पुण्यात सीडॅक ही सरकारी संगणन-संस्था १९८८ पासून आहे, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तिनेच उभा केला. २०१५ साली राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर झाले आणि देशातल्या कितीतरी संस्थांत मोठी यंत्रे आली. माझ्या मते यंत्रांच्या मानाने ती नीट वापरून घेणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत. हवामान, खगोलशास्त्र, जलविज्ञान यांपैकी कोणत्याही संस्थेत मुलाखतीला गेलीस, तर तुझ्या प्रोग्रामचा इतिहास गिटमध्ये उघडून दाखव. समोर बसलेल्यांपैकी ज्याने स्वतः रात्री जागून प्रोग्राम चालवले आहेत, त्याला पुढे फार सांगावे लागणार नाही.

मार्गदर्शकांकडे सहा महिने मागू नकोस. ते देणार नाहीत, आणि त्यांच्या जागी मीही दिले नसते. आठवड्यातला एक दिवस माग, आणि पहिल्या महिन्यात रंकाळ्याच्या चाचणीचा निकाल त्यांच्या टेबलावर ठेव. निबंध पाठवशील त्या दिवशी प्रोग्रामची तीच आवृत्ती झेनोडो या खुल्या संग्रहस्थळावर ठेवून तिचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, घे, म्हणजे निबंधात तिचा स्वतंत्र संदर्भ देता येईल. प्रोग्राम पुरेसा सुटसुटीत झाला की 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर'कडे पाठव. २०१६ पासून ते प्रोग्रामचीच तपासणी करून लेख छापतात. परवान्याचे मात्र आधी बघ. परवाना न लिहिता प्रोग्राम उघडा ठेवला, तर तो वाचता येतो पण कायद्याने कोणालाही वापरता येत नाही, आणि परवाना देण्याचा अधिकार तुझा, त्या तिघांचा की विद्यापीठाचा, हे प्रशासनाकडून लेखी घ्यावे लागते. या कागदाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात दे.

त्या तिघांचा पत्ता नाही म्हणतेस, पण विभागाच्या जुन्या प्रबंधांवर त्यांची नावे असतील. शोधून एकाला तरी फोन कर आणि सगळ्यात विचित्र वाटणाऱ्या ओळीविषयी विचार. तिथे कारण निघाले तर ते त्याच्या नावासह लिहून ठेव. 'आठवत नाही' असे उत्तर आले तर तेही लिही.

पावसाळ्यात इकडे येणार असशील तर घरी ये. माझी जुनी फाइल मी ४३.१० सकट जपून ठेवली आहे आणि मूळ वहीही आहे. दोन्ही शेजारी ठेवून दाखवीन. तुझा प्रोग्राम त्या फाइलचे काय करतो, तेही तेव्हाच बघू.

तुझा,
सर