मोडी शिकायची तर हाताने

लेकरा,
अनेक आशीर्वाद.

सगळं फोनवर टाईप होत असताना कर्सिव्ह घोटत बसू का, असं विचारलंस. चार रेघी वहीतलं ते इंग्रजी वळण सुटलं तरी तुझं काही अडणार नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, हात भरभर चालायला हवा हे खरं. पण तपासणाऱ्याला अक्षर लागलं म्हणजे झालं.

जोडून लिहायची हौसच असेल तर मोडी, म्हणजे मराठीची जुनी जोडून लिहायची लिपी, शिक. हेमाडपंतांनी ती देवगिरीला रूढ केली असं सांगतात. त्या अभिमानात फार वेळ घालवू नकोस. कारण जवळचं आहे. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली.

फोटो काढला की यंत्र वाचेल, म्हणशील. 2014 पासून मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचातही आहे. पण यंत्राने नाव चुकवलं, हे ओळखायला वाचणारा लागतोच.

आणि वाचायचं असेल तर आधी लिही. ओळभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली शक्य तितका हात न उचलता अक्षरं सोडत जायची. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तक्ता पाठ असलेला पोरगाही खऱ्या कागदापुढे अडतो तो यामुळेच. एका अक्षराची शेपटी पुढच्यात कुठून शिरते, ते स्वतःची लेखणी चालल्यावरच उमगतं.

पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथे नाव घाल. रोज अर्धा तास, आधी नुसती बाराखडी. मग घरचं एखादं खरेदीखत घे. निजामाच्या काळातल्या कागदावर साल बहुधा फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेतलं, असतं. त्यात 590 मिळवलेस की इसवी सन जवळपास हाती येतं. सरकारी शिक्क्याचा मजकूर उर्दूत निघाला तर तो उर्दू जाणणाऱ्याकडूनच वाचून घे, अंदाज ठोकू नकोस.

एवढं मात्र ऐक. जुने कागद लॅमिनेट करू नकोस, फाटलेल्या घडीवर चिकटपट्टीही लावू नकोस. फोटो काढ, झेरॉक्सच्या दुकानातून मोठी प्रिंट घे आणि पेन्सिल काय फिरवायची ती तिच्यावर फिरव.

तुझा,
काका