शून्याचा खण कुणाचा?

प्रश्न: भाच्याने पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर नेलं होतं. रूलेटच्या टेबलाशी एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, की हे चाक पास्कलने शोधलं. शाळेत दाबाचा नियम शिकलो तो पास्कल हाच का? आणि बाकीचे सगळे खण लाल-काळे, मग शून्यच तेवढं हिरवं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: पास्कल तोच, दाबाचाच. पण चाकाचं श्रेय त्याला द्यायची माझी तयारी नाही. अर्धवट मोडलेल्या डावातले पैसे दोघा खेळाडूंत कसे वाटायचे, हा प्रश्न त्याने 1654 मध्ये फेर्मा या फ्रेंच गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून सोडवला. मी जन्मभर जे संभाव्यताशास्त्र शिकवलं, त्याची सुरुवात तिथली. घोळ पुढे झाला असावा. चाक धावताना त्याच्या कडेवरचा बिंदू हवेत जी कमान काढतो, तिला तेव्हा फ्रेंचमध्ये रूलेट म्हणत आणि 1658 मध्ये पास्कलने त्या वक्रावर लिहिलं. तेवढ्यावरून जुगाराचं चाक त्याच्या गळ्यात पडलं. ‘अखंड फिरणारं यंत्र करायला गेला आणि रूलेट झालं’ ही गोष्टही सांगतात. ऐकायला झकास, पुरावा शून्य.

या चाकाला एक बाप नाहीच. अठराव्या शतकात इंग्लंडात रोली-पोली नावाचा चाकाचा खेळ होता. सरकारने आकड्यांच्या जुगारावर बंदी आणली, तर चलाख मंडळींनी आकडे काढून खणांवर ई आणि ओ (इव्हन म्हणजे सम, ऑड म्हणजे विषम) ही अक्षरं घातली आणि धंदा चालू ठेवला. 1745 च्या कायद्यात रोली-पोलीचं नाव घालूनच बंदी आली. इटलीकडून बिरिबी नावाचा खेळ आला, त्यात पटावरच्या आकड्यांवर पैसे लावायचे. हे सगळं मिसळून अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पॅले रॉयलमध्ये आजच्यासारखं चाक दिसू लागलं: 1 ते 36, वर एक शून्य आणि एक डबल शून्य.

आता हिरव्याचं. सुरुवातीला शून्य लाल होतं आणि डबल शून्य काळं. हे दोन खण मालकाचे: फिरत्या चाकात टाकलेली गोळी तिथे पडली, की लाल-काळ्यावर लावलेले पैसे त्याला. पण गोळी लाल शून्यात पडली की लालवर लावणारा हात पुढे करणारच! भांडणं टाळायला दोन्हींना तिसराच रंग दिला.

खरी गंमत मात्र पुढे आहे, आणि ती दोन जुळ्या भावांची आहे. फ्रान्स्वा आणि लुई ब्लाँ हे बोर्दोचे सटोडिये. पॅरिसच्या रोख्यांचे भाव तिथे टपालाने पोचायला काही दिवस लागत. सरकारी संदेश मात्र टेकड्यांवरच्या मनोऱ्यांवरून, लाकडी हात हलवून, झटपट जात. या दोघांनी वाटेवरच्या तूर या शहरातल्या मनोऱ्याच्या कर्मचाऱ्याला पैसे चारले. तो सरकारी संदेशात ठरलेली एक ‘चूक’ घुसवायचा, लगेच चूक रद्द केल्याची खूण करायचा, आणि बोर्दोत यांचा माणूस नेमकी तेवढी चूक टिपायचा. 1834 पासून 1836 पर्यंत हे बिनबोभाट चाललं. पकडले गेले, खटला उभा राहिला, पण असं करू नये असा कायदाच नव्हता. सुटले!

1837 च्या शेवटच्या मध्यरात्री पॅरिसचे जुगारअड्डे कायद्याने बंद झाले. ब्लाँ बंधू जर्मनीत बाद होम्बुर्गला गेले आणि तिथे 1843 मध्ये त्यांनी डबल शून्य काढून टाकलं. आपल्याच हक्काचा एक खण बुजवला! गणित बघा. सगळ्या 37 खणांवर शंभर-शंभर रुपये लावले तर 3700 गेले. जिंकलेल्या खणावर पस्तीसपट आणि आपले शंभर, म्हणजे 3600 परत. मालकाला 2.70 टक्के. डबल शून्य ठेवलं तर 3800 जातात, परत तेच 3600, म्हणजे 5.26 टक्के. शेजारच्या दुकानापेक्षा निम्मा नफा घेतला की गिऱ्हाईक गाडी करून येतं, हे फ्रान्स्वाला नेमकं कळलं होतं.

1863 मध्ये मोनाकोच्या राजाने त्याला कॅसिनो चालवायला बोलावलं. मेंतों आणि रोकब्रून ही गावं दोनच वर्षांपूर्वी फ्रान्सकडे गेल्याने संस्थान कफल्लक झालं होतं. ज्या टेकडीवर कॅसिनो उभा राहिला तिला 1866 मध्ये राजाचं नाव देऊन मोंते कार्लो केलं, 1868 मध्ये रेल्वे आली, आणि पुढच्या वर्षी प्रजेचे कर माफ! मात्र मोनाकोच्या नागरिकाने तिथे खेळायचं नाही. गोवा सरकारनेही 2020 मध्ये गोंयकारांना कॅसिनोत खेळायला बंदी केली, ती याच जातीची. पैसा पाहुण्यांनी हरावा.

1 ते 36 ची बेरीज 666, म्हणजे बायबलमधला सैतानी आकडा, येते, म्हणून ब्लाँने सैतानाशी सौदा केला असंही लोक म्हणत. बेरीज बरोबर आहे, एवढंच मी म्हणेन.

प्रश्न: मोंते कार्लोत 1913 मध्ये सलग 26 वेळा काळा आला असं वाचलं. मग सत्ताविसाव्या वेळी लालवर लावणं शहाणपणाचं नव्हतं का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर: त्या रात्री टेबलाभोवतीच्या गर्दीलाही तसंच वाटलं, आणि दर फेरीला लालवरचे पैसे वाढवत लोक धुऊन निघाले. आधीच ठरवलेल्या 26 फेऱ्या सलग काळ्या येण्याची शक्यता पावणेचौदा कोटींत एक. पण 26 होऊन गेल्यावर पुढच्या फेरीला लाल येण्याची शक्यता 37 पैकी 18, पहिल्या फेरीला होती तेवढीच. गोळीला मागचं आठवत नाही. वर्गात मी मुलांना नाणेफेकीचे शंभर निकाल मनाने लिहायला सांगायचो. तीन-चार छाप ओळीने आले की पोरं घाबरून काटा लिहायची. खरं नाणं खुशाल सहा-सात छाप देतं. घरी करून बघा.

आणि चाकासमोर उभे राहिलातच तर काळा-लाल सोडा, हिरवे खण मोजा. अमेरिकेत डबल शून्य कधी गेलंच नाही, आणि लास वेगासमध्ये आता तीन शून्यांचीही टेबलं आहेत. तिथे मालकाचा वाटा 7.69 टक्के.