‘छोटासाच बदल आहे’ ऐकलं की डोकं फिरतं

पत्र थोडक्यात असं: वय २८, पुण्यातल्या एका एजन्सीत सहा वर्षं वेब प्रोग्रॅमर. एका वेळी सात-आठ क्लायंटच्या साइट हातात. अकाउंट मॅनेजर मीटिंगमध्ये तारीख कबूल करून येतो, क्लायंट थेट व्हॉट्सॲपवर ‘छोटासाच बदल’ पाठवतो आणि ही मुलगी तो रात्री घरी बसून करून टाकते. अप्रेझलमध्ये शेरा मिळाला, ‘नकारात्मक वृत्ती’. घरचेही म्हणतात, फार चिडकी झालीस. रात्री दोनला जाग येते आणि साइट चालू आहेत ना ते ती फोनवर बघते. तिचा प्रश्न: ताई, माझा स्वभावच या कामाला योग्य नाही का?

तुझा स्वभाव या कामाला योग्यच आहे, आणि शेरा मिळालाय तोही त्याच गुणाबद्दल. काय काय मोडू शकतं हे आधी दिसणं, हे प्रोग्रॅमरचं अर्धं काम. पण ते ‘नाही होणार’ अशा शब्दांत बाहेर आलं की समोरच्याला अडवणूक वाटते. तेच किंमत सांगून बोल: ‘होईल. पण त्यासाठी पेमेंट पानाची चाचणी पुढच्या आठवड्यावर जाईल. चालेल का?’ निर्णय मॅनेजरकडे जातो आणि वाद मिटतो.

मला खरी काळजी वाटते ती रात्रीच्या कामाची. एजन्सी तास विकते. क्लायंटला ४० तास सांगितले, तुला ६५ लागले आणि वरचे २५ तू टाइमशीटमध्ये लिहिलेच नाहीस, तर कागदावर ते काम ४० तासांतच झालं. पुढच्या क्लायंटलाही मॅनेजर तेवढेच सांगणार, आणि तेही बिचारा प्रामाणिकपणे. तुझ्या चांगुलपणामुळे पुढचा अंदाज चुकतोय. म्हणून उद्यापासून पंधरा मिनिटांचं कामही नोंदव, व्हॉट्सॲपवरून आलेलं असेल तर ‘क्लायंटचा वाढीव बदल’ असं स्पष्ट लिहून. महिनाअखेरीला ही बेरीज मॅनेजरपुढे ठेव. तक्रारीचा सूर नको, नुसता आकडा पुरे.

अंदाज मीटिंगमध्ये बसल्या बसल्या देऊ नकोस. ‘उद्या ११ पर्यंत सांगते’ एवढंच म्हण आणि कामाचे तुकडे पाड. ऑनलाइन नोंदणीचा फॉर्म घे. कोड दीड-दोन दिवसांचा. पण मोबाइलवरची मांडणी, सफारीतली तपासणी, पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा) टेस्ट मोड, पैसे कापले गेले पण नोंद झाली नाही तर काय करायचं ते, मेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून डोमेनवरच्या नोंदी आणि क्लायंटच्या दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्या धरल्या की सहज पाच दिवस होतात. दोन फेऱ्या दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळा खर्च, हे प्रस्तावातच लिहून घ्यायला मॅनेजरला सांग.

व्हॉट्सॲपवरच्या निरोपांना एकच उत्तर ठेव: ‘मिळालं, तिकीट (कामाची नोंद) केलंय, वेळ मॅनेजर कळवतील.’ तातडीचं म्हणजे काय हे तू, मॅनेजर आणि क्लायंट, तिघांनी मिळून ठरवा. साइट बंद, पेमेंट अडकलं, डेटा गेला, एवढंच तातडीचं. लोगो थोडा मोठा हवा, हे शुक्रवारी संध्याकाळी सातला आलं तरी सोमवारचंच.

साइट लाइव्ह करण्याचा दिवस मात्र तू ठरव. मंगळवार किंवा बुधवार, सकाळी ११. डीएनएसचा (साइटचं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ते उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं तो काळ, ८६४०० सेकंद म्हणजे एक दिवस असेल तर निदान एक दिवस आधी तो ३०० वर आण, नाहीतर काही लोकांना दुसऱ्या दिवसापर्यंत जुनीच साइट दिसेल. नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी ठेवणारा सर्व्हर, बदलणार असाल तर आधी एमएक्स नोंदी (मेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या) उतरवून घे. त्या राहिल्या की क्लायंटची मेल बंद पडते, आणि रात्रीचे सर्वांत संतापलेले फोन येतात ते याच कारणाने. वर्डप्रेसच्या डेटाबेसमधला जुना पत्ता साध्या एसक्यूएलने (डेटाबेसच्या थेट आज्ञेने) बदलू नकोस. सीरियलाइज केलेल्या, म्हणजे सेटिंग एका ओळीत बांधून साठवलेल्या, मजकुरात अक्षरांची लांबीही साठवलेली असते, ती जुळली नाही की विजेट आणि थीमच्या सेटिंग उडतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा ही लांबी सांभाळते. स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीच्या प्रतीवर, लावलेली ‘सर्च इंजिनांना परावृत्त करा’ ही खूण काढली का, पेमेंटच्या चाव्या (पेमेंट सेवेशी जोडणारे गुप्त कोड) टेस्टच्या लाइव्ह केल्या का, हे दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घे. स्वतःची नजर सरावलेली असते. फाइली आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप हाताशी असल्याशिवाय सुरुवातच करायची नाही.

रात्री दोनच्या जागरणावर एक साधा उपाय आधी करून बघ. दर पाच मिनिटांनी साइट तपासणारी सेवा लाव आणि झोपताना फोनवर फक्त तिचाच आवाज चालू ठेव. बाकी सगळं गप्प. कार्यालयात आणखी कुणी असेल तर आठवड्याआड पाळी लावून घ्या. तरीही दोन-तीन आठवडे झोप लागली नाही, जेवण जाईना, सकाळी कामाचं नाव काढलं की रडू यायला लागलं, तर डॉक्टरांकडे जा. टेली मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइनही आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

नोकरी बदलायची का, हे तीन महिन्यांनी ठरव. तुझे नोंदवलेले तास बघून दर किंवा तारखा बदलल्या तर थांब. आकडे समोर असूनही मॅनेजर तेच ४० तास विकत राहिला, तर बाहेर पड. आपलं एकच उत्पादन चालवणाऱ्या कंपनीत कोड एक असतो, स्वतःचं जुनं काम सुधारायला वेळ मिळतो, पण रात्रीची पाळी तिथेही असू शकते, तेव्हा मुलाखतीत ते थेट विचार. बायोडेटात साइटची यादी लावू नकोस. पाच सेकंदांत उघडणारं पान दोन सेकंदांवर आणलं असेल, तर ते कसं आणलं हे लिही. आणि राजीनामा देण्याआधी नेमणूकपत्रातला नोटिस कालावधी वाचून घे.