आईला मानसिक आजाराच्या गोळ्या बारा वर्षं चालू आहेत. आता न्यूमोनिया झालाय आणि ती दिवसभर झोपून असते. त्या गोळ्या अंगावर उलटल्या असतील का? बंद करू का?

उलटल्या असू शकतात. पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि आहेत तशाही देत राहू नका. आज रात्रीचा डोस द्यायच्या आधी तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावा.

तुमच्या प्रश्नातलं ‘दिवसभर झोपून असते’ हे वाचलं आणि लिहायला बसले. माझ्या भावाच्या वेळीही सगळे हेच म्हणत होते, आणि कौतुकाने म्हणत होते.

माझा धाकटा भाऊ चौदा वर्षं क्लोझापिन या मानसिक आजाराच्या गोळीवर आहे. सकाळी १००, रात्री ३०० मिलिग्रॅम. आम्ही नाशिकच्या सातपूरला राहतो. बुधवारी तो गोदाघाटावरच्या बाजारातून भाजी आणतो आणि सुट्ट्या पैशांचा हिशोब कधी चुकत नाही. एकच वाईट सवय, विडी. आई सिन्नरला असताना विड्या वळायची, त्यामुळे आमच्या घरात विडी कधी परकी नव्हती. हा दिवसाला दोन बंडलं ओढायचा.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये त्याला लघवीला जळजळ सुरू झाली आणि ताप आला. गल्लीतल्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लोक्सासिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक दिलं. तीन दिवसांत खोकला वाढला, छातीचा फोटो काढला तर न्यूमोनिया. एका खासगी दवाखान्यात दाखल केलं. तिथे सिप्रो तसंच पुढे चालू ठेवलं, सोबत दुसरी इंजेक्शनं. वॉर्डात विडी अर्थातच बंद. मानसिक आजाराच्या गोळ्या मात्र ‘तुमच्या तुम्ही घरून आणून द्या’ असं सांगितलं. त्या कागदावर चढवल्यासुद्धा नाहीत.

तिसऱ्या दिवशी तो झोपूनच होता. सिस्टर म्हणाल्या, ‘किती शांत पेशंट आहे तुमचा.’ चौथ्या दिवशी मी त्याच्या उशीवरचा टॉवेल उचलला तर तो पिळता येईल इतका लाळेने भिजलेला. त्याला बसवून चहाचा कप हातात दिला. हाताला असा झटका बसला की चहा थेट चादरीवर. बोलायला गेला तर जीभ जड, शब्द एकमेकांत घुसलेले. ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. ते दारातूनच म्हणाले, ‘सायकॅट्रीची केस आहे ना? त्या गोळ्यांनी असंच असतं.’

चौदा वर्षं त्याच गोळ्यांवर तो बाजारात भाव करतोय, आणि चार दिवसांत ‘असंच असतं’? अजूनही माझं डोकं तापतं. फाइलवर मानसिक आजार लिहिला की त्या माणसाच्या अंगाला काही होऊ शकतं हेच लोक विसरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ सांगतं की उपचारात अशा रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच वागणूक मिळाली पाहिजे. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, नाहीतर तिथेच ऐकवलं असतं.

मी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. अँटिबायोटिक कोणतं? विडी बंद होऊन किती दिवस झाले? संडास होतेय का? माझी उत्तरं ऐकून म्हणाले, ‘ताई, क्लोझापिन चढलंय त्याला.’

क्लोझापिनचा निचरा मुख्यतः यकृतातल्या सीवायपी १ए२ नावाच्या एन्झाइममुळे होतो. विडी-सिगारेटचा धूर हे एन्झाइम वाढवतो, म्हणून ओढणाऱ्याला जास्त डोस लागतो. (धूरच. निकोटिनचा यात संबंध नाही, त्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्याला हा फरक पडत नाही.) ओढणं अचानक थांबलं की आठवड्याभरात रक्तातलं औषध दीडपट किंवा त्याहूनही वर जाऊ शकतं. मोठा जंतुसंसर्ग झाला, अंगात दाह वाढला की तेच एन्झाइम मंदावतं. आणि सिप्रो तर ते थेट अडवतं. माझ्या भावाच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. आम्ही मात्र त्याच ४०० मिलिग्रॅम वेळच्या वेळी, न चुकता देत होतो.

त्याच दिवशी दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. सिप्रो बदललं, गोळी निम्म्यावर आणून फक्त रात्री २०० केली, ईसीजी आणि रक्तपेशींची तपासणी झाली. क्लोझापिनची पातळी बघायला रक्त बाहेरच्या लॅबला पाठवलं. पाच दिवसांनी रिपोर्ट आला, ११८० नॅनोग्रॅम. साधारण ३५० ते ६०० असावी लागते. बरं झालं, रिपोर्टची वाट बघत बसलो नाही.

खरं प्रकरण इथून पुढे आहे. थोरला दादा अंबडला कंपनीत आहे, रात्री तोच वॉर्डात थांबायचा. त्याने ‘औषध चढलंय’ एवढंच ऐकलं. तो पहिल्यापासून या गोळ्यांच्या विरोधात. त्याने कोणाला न सांगता गोळी देणंच बंद केलं. मी सकाळी विचारायची, ‘दिली का रे?’ तो म्हणायचा, ‘दिली.’ तीन रात्री. चौथ्या रात्री भावाने सलाइन उपसून काढलं. घामाने चिंब, उलट्या, आणि सिस्टर विष टोचायला आलीय म्हणून ओरडत कॉटखाली जाऊन बसला. चौदा वर्षांत मी त्याला असं पाहिलं नव्हतं. न्यूमोनिया तोवर उतरणीला लागला होता.

आणि क्लोझापिनचा खंड ४८ तासांहून जास्त पडला की जुना डोस परत देता येत नाही. रक्तदाब कोसळू शकतो, फिट येऊ शकते. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून, म्हणजे २५ च्या अर्ध्या गोळीपासून चढत जावं लागतं. त्या चढणीला आम्हाला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी झोपले नाही.

दादा आजही चार माणसांत म्हणतो, ‘विषच होतं ते, मी बंद केलं म्हणून वाचला.’ त्याला मी इथेही तेच सांगते. तो वाचला तो डोस निम्मा केल्यामुळे आणि सिप्रो बदलल्यामुळे. तुझ्यामुळे त्याची चौदा वर्षांची घडी विस्कटली. निरोगी अंगाला जो डोस बरोबर, तोच तापाने फणफणलेल्या अंगाला जास्त होतो. चूक डोसाची होती, आणि डोस कमी करता येतो.

तुमच्या आईची गोळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. क्लोझापिन असेल तर ताप आल्याबरोबर पांढऱ्या पेशी आजच्या आज तपासा. १९७५ साली फिनलंडमध्ये याच औषधाने पेशी घटून आठ माणसं दगावली, म्हणूनच पुढे या औषधासोबत रक्ततपासणीची अट आली. संडास साफ होतेय का बघा, या गोळीने आतडं पार थांबू शकतं. गुंगीत असेल तर आडवं ठेवून काही भरवू नका. लाळ किंवा घास श्वासनलिकेत जाऊनही न्यूमोनिया होतो. अमिसल्प्राइड असेल तर ते किडनीवाटे जातं, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असलं, म्हणजे किडनी मंदावली असली, तर ते अंगात साचतं. हॅलोपेरिडॉल चालू असताना न्यूमोनियासाठी ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लोक्सासिन लावलं असेल तर ईसीजी मागा. दोन्ही मिळून हृदयाची लय बिघडवू शकतात, पोटॅशियम कमी असेल तर जास्तच.

आता एक गोष्ट वर लिहायची राहिली. बंद करू नका म्हणाले, पण काही वेळा डॉक्टर स्वतःच तातडीने बंद करतात आणि तेच बरोबर असतं. पांढऱ्या पेशी फार घटल्या, हृदयाच्या स्नायूला सूज आली, किंवा जोराच्या तापाबरोबर अंग लाकडासारखं ताठ होऊन भान हरपलं, तर. हे शेवटचं दिसलं तर फोन करत बसू नका, ड्युटीवरच्या डॉक्टरांना ओढून आणा. आणि सगळी गुंगी गोळीचीच असते असंही नाही. ऑक्सिजन कमी पडला, सोडियम घसरलं तरी म्हातारं माणूस झोपून राहतं, तेही तपासायला सांगा. मी डॉक्टर नाही, एका पेशंटची बहीण आहे.

मानसोपचारतज्ज्ञ फोन उचलत नसतील तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. पण वॉर्डातल्या डॉक्टरांच्या हातात गोळ्यांची पाकिटं स्वतः नेऊन द्या आणि समोर उभं राहून फाइलवर लिहून घ्या.

माझ्याकडे आता एक वही आहे. गोळी, वेळ, कोणी दिली, आणि त्या दिवशी किती विड्या झाल्या. विड्या यासाठी की त्या कमी झाल्या तर डॉक्टरांना आधी कळवायचं असतं. शेवटच्या रकान्यात देणाऱ्याची सही. दादा रात्री थांबला तर त्याचीही घेते, आणि गोळी भावाने गिळेपर्यंत मी व्हिडिओ कॉलवर असते.