आईचं हिमोग्लोबिन गोळ्यांनी वाढत नाही, पायावर लाल ठिपके आलेत. बोन मॅरोचा आजार असेल का?

मालवणहून तुम्ही लिहिलंय की आईला भातलावणीपासून दम लागतोय, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ७ च्या पुढे सरकत नाही आणि आता पोटऱ्यांवर ठिपके दिसतायत. मी कुडाळला लॅबमध्ये काम करते. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद पुन्हा काढा आणि हिमोग्लोबिनच्या खालचे आकडेही वाचा. बाईमाणसाचं रक्त कमी म्हटलं की आपल्याकडे बीट, खजूर, टॉनिक सुरू होतं आणि बाकीच्या ओळी कुणी बघतच नाही.

तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट, तिन्ही बोन मॅरोतच, म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेत, तयार होतात. पांढऱ्या ४,००० च्या खाली, प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आणि हिमोग्लोबिनही कमी, असं असेल तर प्रश्न नुसत्या लोहाचा नाही. पांढऱ्या घटल्या की ताप परत परत येतो, तोंड येतं. प्लेटलेट घटल्या की हिरड्यांतून रक्त येतं, बांगडी चढवताना मनगट काळंनिळं पडतं. ठिपक्यांवर काचेचा पेला दाबून बघा. लाली तशीच राहिली तर ते त्वचेखाली आलेलं रक्त आहे.

पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टोनेही प्लेटलेट उतरतात, पण ताप गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतात. आईचं तसं दिसत नाही. मात्र लगेच कॅन्सरच धरून बसू नका. बी-१२ फार कमी झालं तरी तिन्ही पेशी घटतात, आणि ते इंजेक्शनांनी बरं होतं. म्हणून डॉक्टरांना पेरिफेरल स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), रेटिक काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी) आणि बी-१२ करायला सांगा. आणि हे माझं कळकळीचं सांगणं: रक्त चढवण्याआधी, बी-१२ किंवा स्टिरॉइड सुरू करण्याआधी नमुने घेऊन ठेवायला लावा. नंतर चित्र गढूळ होतं, निदान लांबतं.

पुढे रक्तविकारतज्ज्ञ लागतील. त्यासाठी आपल्याकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला किंवा मुंबईत केईएमला जातात. बोन मॅरोची तपासणी कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून करतात. मज्जा ओढताना क्षणभर जोरात कळ येते, पण पाठीच्या कण्याला सुई लागत नाही. आईला हे आधीच सांगा, निम्मी भीती तिथेच जाते.

तोवर ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने देऊ नका. ताप १००.४ च्या वर गेला, नाकातलं रक्त थांबेना, शौचाला काळं झालं किंवा अचानक डोकं फार दुखू लागलं, तर रात्र असली तरी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्या. स्मिअर मात्र उद्याच करा, चतुर्थी झाल्यावर बघू म्हणून थांबू नका.