डॉक्टरला हिशेब आणि नेतृत्व आलं तर रुग्णाला काय मिळतं?

तुम्ही विचारलंय, ‘डॉक्टरांनी व्यवस्थापन, नेतृत्व असलं काही शिकून रुग्णसेवा खरंच सुधारते, की नुसता धंदा वाढतो?’ सुधारते. ज्यांना यात ‘सेवा की धंदा’ एवढंच दिसतं, त्यांनी एकदा रात्री दोन वाजता आपल्या कॅज्युअल्टीचं औषधांचं कपाट स्वतः उघडून बघावं.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात जुलै म्हणजे भाताची रोपलावण, आणि रोपलावण म्हणजे सर्पदंश. तीस खाटांच्या आमच्या रुग्णालयात अशाच एका रात्री चंदगडकडची बाई आली, पायाला घोणस चावलेली. मोठ्या माणसाला एएसव्हीचा, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाचा, पहिला डोस १० व्हायलचा (व्हायल म्हणजे औषधाची छोटी बाटली). रजिस्टरला शिल्लक १६, कपाटात ६. आदल्या रुग्णासाठी १० व्हायल आयसीयूत गेल्या होत्या आणि ‘सकाळी लिहू’ म्हणून नोंद राहिली होती. सहा लगेच सुरू केल्या, उरलेल्या चार व्हायल शहरातून यायला पाऊण तास गेला. सहा तासांनी पुन्हा तपासलं तर रक्त गोठत नव्हतं, म्हणजे विष अजून उतरलेलं नव्हतं, म्हणजे आणखी १०. त्यांच्यासाठी परत फोनाफोनी. बाईला पुढं डायलिसिस लागलं, नंतर ती चालत घरी गेली. उशिरामुळंच मूत्रपिंड गेलं असं मी म्हणणार नाही, घोणशीचं विष तिथं जातंच. पण त्या रात्री निदानात चूक नव्हती, औषधाच्या ज्ञानात चूक नव्हती. चूक होती ती मोजण्यात.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, साठ्याची पद्धत बदलू. आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, ‘डॉक्टरनं आता डबे मोजत बसायचं का? ते कारकुनाचं काम.’ हा वाद तेव्हापासूनचा.

कारकुनाला हे जमत का नाही ते बघा. सलाइन, पॅरासिटामॉल यांचा साठा सरासरीवर चालतो: रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, वर थोडी शिल्लक. एएसव्हीला हेच सूत्र लावा. महिन्याला ६० व्हायल लागतात, म्हणजे दिवसाला २. माल यायला ४ दिवस. सूत्र म्हणतं, ८ राहिल्या की मागणी नोंदवा. आठ! एका माणसाचा पहिला डोससुद्धा नाही. कारण हा खप रोज दोन-दोन होत नाही, एकदम वीस होतो. म्हणून हे औषध व्हायलमध्ये मोजायचं नाही, माणसांत मोजायचं. एका वेळी दोन रुग्ण, प्रत्येकी २०, म्हणजे पावसाळ्यात ४० च्या खाली जायचंच नाही. हे ४० कुठून आले हे ज्यानं सर्पदंशाचा रुग्ण हाताळलाय त्यालाच सांगता येतं. पैसे अडकतात, मुदत संपते, हे खरंच. त्याला उपाय आहेत. जवळच्या तारखेची पेटी पुढं ठेवा, आणि चार महिने उरले की ज्यांच्याकडं जास्त केसेस येतात त्या रुग्णालयाशी अदलाबदल करा. अशी बोलणी आधीच करून ठेवावी लागतात, रुग्ण दारात आल्यावर नाही.

खरेदीचंही तेच. विष रक्तावर चढलंय का हे बघायला २ मिली ताजं रक्त काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग एकदाच तिरकी करून बघतात. नळी काचेचीच हवी, नवी, कोरडी. काचेला लागून रक्त गोठायला सुरुवात होते, प्लास्टिकमध्ये निरोगी माणसाचंसुद्धा पातळ राहू शकतं. साबणानं धुतलेली काचही दगा देते. आता स्टोअरवाल्यानं स्वस्त पडतात म्हणून सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या मागवल्या तर काय होईल? गरज नसलेल्या माणसाला १० व्हायल जातील, रिॲक्शनचा धोका वर, आणि खऱ्या रुग्णाला कपाट रिकामं. खरेदीच्या बैठकीत डॉक्टर नसला की असले निर्णय होतात. स्टोअरवाल्याचा त्यात दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

नेतृत्वाचं म्हणाल तर भाषणं ठोकणं डोक्यातून काढा. दहा व्हायलमध्ये प्रत्येकी १० मिली पाणी घालून पावडर विरघळवायची असते. व्हायल जोरात हलवायची नाही, तळहातात हळू फिरवायची, नाहीतर फेस येतो आणि औषध सुईत नीट ओढलं जात नाही. एकट्या सिस्टरला याला फार वेळ लागतो. तेव्हा दोघींनी पाच-पाच करायच्या, तिसऱ्यानं रिॲक्शन आली तर लागणारं ॲड्रेनॅलिन ०.५ मिली भरून खाटेशेजारी ठेवायचं, चौथ्यानं नातेवाइकांशी बोलायचं. ही वाटणी आधी ठरलेली असणं, याला मी नेतृत्व म्हणतो. डिपॉझिटचंही तसंच. शिनोळीला कर्नाटक-महाराष्ट्राची सीमा ओलांडली की रेशनकार्डाचं राज्य बदलतं, उपचाराची सरकारी योजना बदलते, कागद बदलतात. कॅश काउंटरवरच्या पोरानं रात्री एवढं सगळं ठरवायचं का? ‘सर्पदंश, झटका, छातीत दुखणं: आधी उपचार, कागद नंतर’ हे डॉक्टरनं सहीनिशी भिंतीवर लावलं की तो पोरगा मोकळा होतो.

आमच्याकडं एक सिस्टर कन्नड, दुसरी मराठी, ड्यूटी डॉक्टर भलतीकडचा. डोस इंग्रजीत सांगतात, आणि ‘फिफ्टीन’चं ‘फिफ्टी’ ऐकू येतं. म्हणून आकडे सुटे सांगायचे, ‘एक-पाच’, आणि ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचे. इन्सुलिनला तर हे हवंच. आपल्याकडं साध्या व्हायलमध्ये दर मिलीला ४० युनिट, तिची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटवाल्याची नारिंगी. १०० चं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत घेतलं तर रुग्णाला २५ युनिट जातात. नवख्या सिस्टरला ‘सर, थांबा’ म्हणायची हिंमत वाटली पाहिजे, आणि ती हिंमत डॉक्टरच्या वागण्यातूनच येते. एकदा सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसलात की ती पुढं वर्षभर गप्प बसते.

आमच्या ज्येष्ठांचं दुसरं म्हणणं, हिशेब आला की माणुसकी गेली. मदुराईचं अरविंद नेत्रालय १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालं, डॉ. वेंकटस्वामींनी केलं. एका सर्जनला दोन टेबलं, एकावर शस्त्रक्रिया संपते तोवर दुसऱ्यावर रुग्ण तयार. देणाऱ्यांच्या पैशातून न देऊ शकणाऱ्यांचे डोळे होतात. १९९२ पासून तिथली ऑरोलॅब डोळ्यातली भिंगं स्वस्तात बनवते. एवढा काटेकोर हिशेब नसता तर फुकटातले डोळे झाले असते का?

आता दुसरी बाजू. हेच शिक्षण घेऊन ‘या महिन्यात इतक्या ॲडमिशन, इतके सीटी स्कॅन’ असं टार्गेट लावणारेही आहेत. त्याला मी व्यवस्थापन म्हणत नाही, रुग्णाची लूट म्हणतो. आकडा मोजायचाच तर रुग्ण आल्यापासून पहिलं औषध शिरेत जाईपर्यंतची मिनिटं मोजा. आणि मी लिहितोय ते छोट्या रुग्णालयाचं, पाचशे खाटांना याहून वेगळं लागेल. एएसव्हीचे आकडेही तुमच्या भागातल्या केसेसवरून ठरवा, माझे उचलू नका.

एमबीए करावं का, हेही तुम्ही विचारलंय. डिग्री केलीत तर चांगलंच, पण त्यासाठी दोन वर्षं थांबायची गरज नाही. पुढच्या खरेदीच्या बैठकीला जाऊन बसा आणि काचेच्या नळ्या किती आहेत ते विचारा. आमच्या कपाटाच्या दारावर आता लाल शाईत ४० लिहिलंय, खाली रोज रात्री आठला मोजणाऱ्याची सही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्या ज्येष्ठांची ड्यूटी होती. सकाळी बघितलं तर सहीच्या रकान्यात त्यांची सही होती, आणि शेजारी आकडा, ४२.