एएमएच चांगलं, तरी स्त्रीबीजं तीनच निघाली. केस होईल का?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातली, वय 34. एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 2.8 आलं. छत्रपती संभाजीनगरच्या एका टेस्ट ट्यूब सेंटरमधल्या समुपदेशक बाईंनी फाईलच्या कव्हरवर पेनानं ‘10-12 बीजं’ लिहून दिलं. कापूस विकून पावणेदोन लाख भरले. निघाली तीन, गर्भ एकही टिकला नाही. आता दुसऱ्या सायकलचे, म्हणजे उपचाराच्या पुढच्या फेरीचे, पैसे मागतात. फसवणुकीची केस करता येईल का?

उत्तर : ताई, नुसती बीजं कमी निघाली म्हणून केस केलीत तर ती टिकायची नाही. एएमएच आणि सोनोग्राफीत मोजलेली फॉलिकल (अंडाशयातल्या बीजाच्या पिशव्या) यांवरून किती बीजं मिळतील याचा अदमास येतो, खात्री नाही. बीजाचा दर्जा किंवा मूल होईल की नाही, हे तर त्यातून कळतच नाही. उपचार फसला म्हणजे डॉक्टर दोषी, असं सर्वोच्च न्यायालय 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालापासून मानत नाही. पोलिसांत तर जाऊच नका.

तुमची बाजू आहे ती कव्हरवरच्या त्या पेनाच्या अक्षरात. 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 21 प्रमाणे यशाची शक्यता, धोके आणि खर्च जोडप्याला समजावून सांगणं सेंटरवर बंधनकारक आहे. अदमास खात्रीसारखा विकला असेल, तर ती सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. ते कव्हर जपा. संमतीपत्रावर तुम्ही कशाखाली सही केलीत तेही वाचा.

आधी लेखी अर्ज करून पूर्ण फाईल मागा. 2002 च्या वैद्यक नियमांनुसार ती 72 तासांत द्यायला हवी. तिच्यात फॉलिकलच्या मापांचा तक्ता आणि ट्रिगर इंजेक्शनची (बीजं पिकवायच्या शेवटच्या सुईची) वेळ बघा. पिकअप, म्हणजे बीजं बाहेर काढणं, त्यानंतर साधारण 34 ते 36 तासांनी होतो. सोनोग्राफीत दहा-बारा मोठी फॉलिकल दिसत होती आणि वेळेत घोळ आहे, असं निघालं तर हलगर्जीपणाचा मुद्दा उभा राहू शकतो. मात्र त्याला दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत लागेल.

मग सेंटरच्या तक्रार कक्षाला पत्र द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर परभणीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, संभाजीनगरच्या खेपा नकोत. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेला फी नाही.

दुसऱ्या सायकलचे पैसे फाईल हातात येईपर्यंत भरू नका. पण केसच्या निकालासाठी उपचार अडवून ठेवू नका, वय थांबत नाही. तीच फाईल घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.